शिल्लक काच

धरमपेठेतल्या नव्या हॉटेलात
भिंतभर लावलाय तो फोटो.
चंद्रभागाबाई सोरते, गोळीबार चौक,
कांड्या भरता भरता मान वर करून कोणावर तरी डाफरतेय.
खाली लिहिलंय : जुनं नागपूर.
एवढंच.
जणू शहरानंच स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

मी तर्री-पोहे तसेच ठेवून उठले.
त्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात
बाबांच्या अंगठ्याचा ठसा आहे,
जिलेटिन ओलं असताना उमटलेला.
एकसष्टचा मे. मस्कासाथेतली अंधारखोली,
ट्रेखाली बर्फाची लादी,
नाहीतर आमच्याकडच्या उन्हाळ्यात चेहरे
काचेवरून सायीसारखे सरकायचे.
किती नवरदेव वाहून गेले त्या मोरीत,
आणि बाबा दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात उभे :
"ऊन जास्त झालं जी, अजून एक डाव बसता का?"

मोहरील वकिलांनी पंखा वाढवला, फायलीवर चष्म्याची डबी ठेवली.
"चौदा सालचा कायदा विलायतेहून आलेला.
ज्याची काच, तोच कर्ता.
बटण कोणी दाबलं ते कोणी विचारत नव्हतं.
सत्तावन्नला आपला कायदा झाला,
मग फोटो काढणारा तो कर्ता. मुदत पन्नास वर्षं.
ब्याण्णवला त्याची साठ केली.
पण मोजायची फोटो छापल्यापासून.
कवीला मरणानंतरची वर्षं, चित्रकाराला मरणानंतरची,
फोटोवाल्याला तेवढी नाही."
"काहून?"
वकील हसले. "यंत्राचं काम समजत असतील."

आणि पैसे देऊन काढवून घेतलेला फोटो
गिऱ्हाइकाचा. तोंडी काही वेगळं ठरलं नसेल, तर.
म्हणजे माळ्यावरच्या चार पेट्या :
साखरपुडे, बारसी, दहावीची हॉलतिकिटं,
फौजेत निघालेला हेडाऊंचा धाकटा,
वजन आमच्या माळ्यावर, हक्क त्यांच्या घरी.
आमच्या त्या फक्त शिल्लक काचा,
दिवस संपताना उरलेली एखादी,
बाबा सायकलला अडकवून निघायचे
आणि कोणी न सांगितलेलं काही घेऊन यायचे.

चंद्रभागाबाई त्यातली.
बासष्टच्या एका दिवाळी अंकात छापून आली होती,
मानधन सात रुपये, त्यातले दोन मनीऑर्डरवाल्याच्या चहापाण्यात.
बासष्टात साठ मिळवा : मुदत संपली असती.
"नाही संपली," वकील म्हणाले.
"दोन हजार बारात ते कलमच काढून टाकलं.
आता फोटोवाल्यालाही मरणापासून साठ.
वडील कधी वारले?"

चौऱ्याऐंशी. नवतपा. दुपारचे तीन.
इतकी वर्षं ती तारीख मी कोणाला सांगत नव्हते,
आता तीच कामाची निघाली.
बाबा मरणारा माणूस होते
हे कायद्याला कळायला
त्यांच्या मागं अठ्ठावीस वर्षं लागली.

आईचं मी विचारलंच.
देवीचे वण ती पेन्सिलीनं भरायची, काचेवर, श्वास धरून.
तीन वाजताच्या उजेडात अर्ध्या इतवारीचे गाल गुळगुळीत केले तिनं.
तिच्या शिसाला कुठलं कलम?
वकिलांनी डबी उघडली, चष्मा पुसला,
परत डबीत ठेवला.

महापालिकेत दाखला काढला.
पैकूजी लक्ष्मण निखारे. वय एकसष्ट.
धंदा : मजुरी.
बाबू म्हणाला, दुरुस्तीला शपथपत्र लागेल.

हॉटेलवाला तसा सज्जन. नाव लिहितो म्हणाला,
पैसेही देतो, किती ते सांगा.
सांगते म्हणाले. अजून सांगितलं नाही.
परवा भिंतीशी उभी राहून बघत होते तिला.
ती कोणावर डाफरतेय ते बाबा
फोटो दाखवताना दरवेळी सांगायचे, तिच्याच आवाजात :
"पैकू, काय करून राहिला तिथं?
सरक बाजूला. उजेड अडवून राहिला माझा."